दोरा बांधलेला डबा

धोंड्याच्या महिन्यात माझ्या जावयाच्या ताटात कधी कमी पडणार नाही, असं मी माझ्या थोरल्या जावेला एकदा चार बायकांत सुनावलं होतं. तिनं तिच्या जावयाला मोजून पाच धोंडे वाढले होते, आणि मी ते मोजले होते. मोजायची मला सवय आहे आणि सुनावायचीही. टेंभुर्णीच्या पंचक्रोशीत तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत गणित शिकवलं. निवृत्त झाले तरी गाव मला बाईच म्हणतं, आणि बाईंचं चुकत नाही असं गावाला वाटायचं. मलाही वाटायचं.

अधिक महिना तीन वर्षांतून एकदा येतो. त्या महिन्यात लेक-जावयाला बोलावून, पाय धुऊन, ओवाळून जेवू घालायचं. पुरण भरून उकडलेले कणकेचे गोळे, ते धोंडे. वर तूप, सोबत गुळवणी, आणि जाताना तेहतीस अनारशांचा डबा. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला माझ्या जावयानं अकरा धोंडे खाल्ले. खाल्ले म्हणजे मी घातले. तो नको म्हणायला तोंड उघडायचा आणि मी पुढचा उचलायची. पोरगा मुळात भिडस्त, सासूला आमच्याकडच्या रीतीनं मामी म्हणणारा. घामाघूम होऊन उठला आणि हसत म्हणाला, "मामींचा हात लई सैल आहे." ते वाक्य पुढं आमच्या नात्यागोत्यात सगळीकडं झालं. मी ते ऐकून फुगून जायची. त्याच वाक्यानं त्याचा जीव जायची वेळ येईल, हे तेव्हा कुणाला माहीत होतं!

मग एका दिवाळीला लेक आली. करंज्या लाटता लाटता, मान वर न करता तिनं सांगितलं की त्यांना शुगर निघाली आहे आणि गोळ्यांनी भागत नाही म्हणून इन्सुलिनची सुई चालू झाली आहे. माझ्या हातातलं लाटणं थांबलं. जावई तेव्हा पस्तिशीचा होता. जालन्यात बियाण्यांच्या एका कंपनीत हिशेबनीस, दिवसभर खुर्चीवर. त्यानं ही गोष्ट स्वतःच्या आईलाही सांगितली नव्हती. लोक काय म्हणतील, इतक्या कमी वयात कसं, याची त्याला भारी लाज. बाहेर जेवायचं असलं की बाथरूममध्ये जाऊन गुपचूप सुई टोचून घ्यायचा. लेकीनं माझा पिठाचा हात धरून मला वचन द्यायला लावलं. "आई, त्यांना कळू देऊ नको मी सांगितलं म्हणून. ते माझ्याशी बोलायचे न्हाईत."

मी वचन दिलं. आणि त्याच वेळी मनात ठरवलं की पुढच्या धोंड्याला मी या पोराला वाचवणार. शब्द अगदी हेच होते, वाचवणार.

तो धोंड्याचा महिना तीन वर्षांपूर्वी श्रावणात आला. पावसानं ओढ दिली होती. सोयाबीन माना टाकत होतं, आणि माझे यजमान दिवसातून दहा वेळा अंगणात येऊन आभाळाकडं बघायचे. मला आभाळाशी देणंघेणं नव्हतं. मी स्वयंपाकघरात प्रयोग मांडला होता.

पुरणातून गूळ काढणं म्हणजे भिंतीतून विटा काढणं. गूळ नुसता गोडीला नसतो, तो पुरणाला धरून ठेवतो. पहिल्या दिवशी मी वाटीभर डाळीला पाव वाटी गूळ घातला, तर पुरणाचा भुगा झाला आणि धोंडा वाफेतच फुटला. मग जालन्याहून मेडिकलमधून बिनसाखरेच्या गोडीची पूड मागवली. ती चिमूटभर जास्त झाली की जिभेच्या मुळाशी कडवट चव रेंगाळते. ती लपवायला जायफळ वाढवलं, वेलदोडा वाढवला. डाळ थोडी जास्त आटवली, दोनदा यंत्रातून काढली, तेव्हा पुरण धरायला लागलं. रंग यावा म्हणून डाळीला फक्त दोन चमचे गूळ. वरची पारी इतकी पातळ लाटली की आतला पिवळेपणा दिसावा, म्हणजे कणीकही निम्मी. गुळवणीत गूळ नाहीच. आटवलेलं दूध, पूड, सुंठ आणि केशराच्या चार काड्या.

तीन आठवड्यांत सहा वेळा करून पाहिलं. सहाव्या वेळी यजमानांना वाढलं आणि काही बोलले नाही. त्यांनी चार धोंडे खाल्ले, बोटं चाटली आणि म्हणाले की आज लईच गोड झालंय. मी ओट्याशी पाठ करून उभी होते. मला इतका आनंद झाला की हसू दाबायला पदर तोंडात धरावा लागला. नवऱ्याला फसवता आलं तर जगाला फसवता येतं, असा तो आनंद. आज तो आठवला की स्वतःची किळस येते.

लेकीला मी काहीच सांगितलं नाही. तिच्या चेहऱ्यावर कुठलीच गोष्ट टिकत नाही. तिला कळलं असतं तर ती ताटाकडं बघून हसली असती, आणि जावयाला लगेच वास लागला असता. जावेला सांगायचा तर प्रश्नच नव्हता. जावयाला बिनगुळाचे धोंडे घातले हे तिला कळलं असतं, तर माझं चार बायकांतलं ते सुनावणं तिनं व्याजासकट परत केलं असतं. तेव्हा खेळ एवढाच होता, की गोष्ट मला एकटीलाच माहीत असावी. इतका मोठा पंक्तीचा बेत, आणि खरं काय ते एकाच डोक्यात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

जेवणाच्या दिवशी दोन घाणे केले. घरच्यांसाठी आणि जावेकडच्या माणसांसाठी नेहमीचे, गुळाचे. जावयाचे वेगळ्या डब्यात, गुळवणीही त्याची वेगळी. दिसायला दोन्ही सारखे, म्हणून त्याच्या डब्याच्या कडीला मी देवघरातला लाल दोरा बांधला. जाऊबाईंनी येता येताच विचारलं, हा दोरा कशाला? मी म्हणाले, जावयाचा मान.

साडेअकराला जावयाचा फोन आला. जाफ्राबाद सोडलंय, येतोच म्हणाला. मग विचारलं, "मामी, आल्या आल्या बसायचं ना जेवायला?" मी म्हणाले, तुमच्यासाठीच पानं मांडून ठेवली आहेत. त्यानं पुन्हा तेच विचारलं, लगेच ना? मी फोन ठेवून सगळ्यांना हसत सांगितलं की जावईबापू सकाळपासून उपाशी दिसतात. सगळे हसले. पोट रिकामं ठेवून आला होता तो, हे खरंच होतं. धोंडे-जेवणाला कोण सकाळी खाऊन निघतं?

लेकीला घेऊन आला तेव्हा पानं खरंच वाढलेली होती. त्यानं ताटाकडं एकदा पाहिलं, मला नमस्कार केला आणि हातातली छोटी बॅग घेऊन मागच्या बाथरूमकडं गेला. मला कळलं तो कशाला गेलाय ते. मनात म्हटलं, घे बाबा तुझी सुई, आज तुला तिची गरजही लागणार नाही. हे मी मनात म्हटलं होतं. तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईनं दोन आणि दोन समोर ठेवले होते आणि बेरीज केली नव्हती.

तो पाटावर येऊन बसला. लेक शेजारी बसली. मी पाय धुतले, कुंकू लावलं. आणि तेवढ्यात जावेला आठवलं की ओवाळायचा चांदीचा दिवा तिच्या घरी राहिला. दिवा जावयाला द्यायचा असतो. माझ्या यजमानांनी तो तिच्याच कपाटात ठेवायला दिला होता, कारण आमच्या कपाटाची किल्ली मी हरवली होती. जावेचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. यजमान मोटारसायकल घेऊन गेले. तिच्या कपाटाची किल्ली मिळेना म्हणून तिथून फोन आला. जावेनं फोनवर किल्ली कुठं आहे ते सांगितलं, मग ती तिथंही नव्हती.

जावई ताटावर बसून होता. दिवा दिल्याशिवाय जावयानं घास उचलायचा नाही, ही आमच्याकडची रीत. बायका गप्पा मारत होत्या. पंखा फिरत होता आणि धोंड्यांवरचं तूप थिजत चाललं होतं. मी पाहिलं, त्यानं दोनदा घड्याळ पाहिलं. मग वरणभाताकडं हात नेला आणि मागं घेतला. मग एकदम बारीक आवाजात म्हणाला, "मामी, एक घास घेऊ का?"

जावेनं टाळी दिली शेजारणीला. म्हणाली, "जावईबापूंना लईच घाई झाली हो." सगळ्या हसल्या. तोही हसला. मी म्हणाले, आलाच बघा दिवा, पाच मिनिटं. मीच म्हणाले हे. त्यानं हात मांडीवर ठेवला.

दिवा यायला पाऊण तास लागला.

मग ओवाळणं झालं, उखाणे झाले, आणि एकदाचा तो जेवायला लागला. किती भराभर खात होता! दोरा बांधलेल्या डब्यातून मी वाढत होते. तीन झाले, चार झाले, सहा झाले. दर घासाला मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, त्याला चव कळते की काय म्हणून. वाडग्यातली गुळवणी तो तोंड लावून प्याला. जाऊ डोळे मोठे करून मोजत होती. मला धन्य वाटत होतं. वरणभात त्यानं बाजूलाच सारला, गोडानंच पोट भरायचं म्हणाला. गोड म्हणून जे जे त्याच्या पोटात जात होतं, त्यात गोड काहीच नव्हतं.

सातव्या धोंड्याला त्याचा हात थांबला. कपाळावर घाम आला होता. लेकीनं पंखा वाढवला. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "हे काय करून राह्यले तुम्ही?" आवाज त्याचा नव्हता. तो कधीच असा बोलत नाही. मला वाटलं कळलं त्याला, चव कळली. मी घाबरले, पण ती भीती अपमानाची. आता हा सगळ्यांसमोर बोलणार आणि माझी फजिती होणार. मी घाईघाईनं म्हणाले, काही नाही, तूप वाढतेय.

तो उठायला गेला आणि पाटावरच बसला. काहीतरी पुटपुटला, जीभ जड झालेली. डोळे माझ्यावरून भिंतीवर, भिंतीवरून दारावर. जाऊ माझ्या कानाशी लागली. "पिऊन आलेत का गं?" आणि खोटं कशाला सांगू, मलाही क्षणभर तेच वाटलं. बाथरूममध्ये बॅग घेऊन गेला होता, त्यात सुईशिवाय अजून काय होतं मला काय माहीत, असंही मनात आलं. माझ्या लेकीच्या नवऱ्याबद्दल, ज्यानं पाच वर्षांत आवाज चढवला नव्हता. मला त्याची दया आली नाही, राग आला. चार माणसांत असं करावं का?

मग तो कलंडला. ताटावर कोपर आलं आणि वाडगं उलटलं.

लेक ओरडली नाही. तिनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि जे पोटात ठेवलं होतं ते भडाभडा सगळ्यांसमोर सांगून टाकलं. यांना शुगर आहे, दोन वर्षं झाली, यांनी इतकं गोड खायला नको होतं, माझीच चूक, मी अडवायला पाहिजे होतं. "शुगर वाढली यांची. बॅग द्या ती."

कुणीतरी बॅग दिली. बायका मागं सरकल्या. जाऊ म्हणाली, आता पाणीसुद्धा गोड देऊ नका कुणी. खोलीतल्या प्रत्येकानं त्याला सात धोंडे खाताना पाहिलं होतं, तेव्हा शुगर वाढली यात कुणाला शंका असणार?

लेकीनं बॅगेतून पेन काढलं. टोपण काढलं. त्यावर नवी सुई फिरवून बसवली. मग पेनाच्या मागची चकती फिरवायला लागली, ती टकटक वाजत होती. त्याचा सदरा वर केला.

मी तिथंच उभी होते, हातात दोरा बांधलेला डबा धरून. आणि मला कळलं होतं. सगळं कळलं होतं, टोपण काढलं तेव्हाच. त्यानं बाथरूममध्ये सुई घेतली ती माझ्या सैल हाताच्या हिशेबानं, अकरा धोंड्यांच्या हिशेबानं. वर पाऊण तास उपाशी बसला. आणि मी पोटात काय घातलं, तर डाळीचा भुगा आणि मेडिकलमधली पूड. याची शुगर वाढलेली नाही, तळाला गेली आहे. आणि माझी लेक त्याला अजून एक सुई देते आहे.

एवढं कळूनही मी बोलले नाही. टोपण, सुई, चकती, सदरा. या चारही गोष्टी होईपर्यंत मी गप्प होते. कारण समोर जाऊ उभी होती. दुसरं काही कारण नव्हतं, मी पुष्कळ शोधलं.

सुईचं टोक पोटाला लागायच्या बेतात होतं तेव्हा तोंडातून निघालं, "थांब. त्यात गूळ न्हाई."

लेकीनं वर पाहिलं. "कशात?"

"त्यांच्या ताटातल्या कशातच न्हाई."

ती एक क्षण माझ्याकडं बघत राहिली. मग तिनं पेन फेकलं. हाताला लागेल ते गोड म्हणून तिनं त्याच्या ताटात सांडलेल्या गुळवणीत बोटं बुडवली आणि त्याच्या तोंडाकडं नेली. मी तिचं मनगट धरलं. म्हणाले, त्यातही नाही. तेव्हा तिच्या तोंडावर जे आलं, ते मला सांगता येणार नाही.

मी धावले. शेजारच्या ताटांत गुळाचंच होतं, ते सुचलंच नाही. गुळाची ढेप मीच फडताळाच्या अगदी वरच्या खणात, पोत्याखाली लपवली होती, उरलेला गूळ पाहून कुणी हिशेब करू नये म्हणून. स्टूल कुठं आहे ते सापडेना. शेवटी ओट्यावर चढले. गुडघा फुटला. गुळाचा खडा दाताखाली फोडला, तोंडात ओला केला आणि त्याच्या गालाच्या आत, हिरड्यांवर चोळायला लागले. त्याची दातखीळ बसत होती. माझं बोट आत होतं तेव्हाच ती बसली. मी बोट काढलं नाही. जावेच्या ताटातली गुळवणी कुणीतरी आणली, ती चमच्यानं तोंडात ओतायला लागले, तर माझ्या यजमानांनी हात धरला, ठसका लागंल म्हणून. लेक नुसती त्याचं नाव घेत होती. आमच्याकडं बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. उखाण्यात घेतलं होतं तिनं, तासाभरापूर्वी.

समोरचे किराणावाले चाचा गाडी घेऊन दारात आले. म्हणाले, "बाई, जल्दी करा, बोलायचं मंग." त्यांनी आणि यजमानांनी त्याला उचलून गाडीत घातलं. चौकातल्या डॉक्टरांनी बोटाला टोचून यंत्र पाहिलं, हाताची शीर शोधली आणि बाटली लावली. लेक त्याच्या पायाशी उभी. मी दाराशी. माझ्या बोटातून रक्त येत होतं आणि ते गुळानं चिकट झालं होतं.

वीसेक मिनिटांनी त्यानं डोळे उघडले. आधी छताकडं पाहिलं, मग लेकीकडं. डॉक्टरांनी विचारलं, सुई किती घेतली होती? तो ओशाळून हसला, इतकं झाल्यावरसुद्धा ओशाळला. म्हणाला, "रोजच्यापेक्षा दुप्पट घेतली. मामींचे धोंडे म्हणलं, तेवढी लागंलच."

मी बाहेर येऊन बाकावर बसले. थोड्या वेळानं लेक आली आणि शेजारी बसली. समोर रस्त्यावर बाजाराचा दिवस चालू होता. टेम्पोतून कांद्याच्या गोण्या उतरत होत्या. मला वाटलं ती माझ्या गळ्यात पडेल. तिनं पुढं बघतच विचारलं, "आई, मी सुई काढली तेव्हा तू कुठं होतीस?"

"तिथंच."

"मंग?"

मी माझ्या बोटाकडं बघत बसले. ती उठून आत गेली.

जावई दोन दिवसांत ठणठणीत झाला. आता तो सगळ्यांना सांगतो की त्याला शुगर आहे. लाज गेली, तेवढं एक बरं झालं. ती गोष्ट तो पंगतीत रंगवून सांगतो, सासूनं जावयाला बिनगुळाचे धोंडे घालून कसं आडवं केलं ते. लोक पोट धरून हसतात. मग म्हणतो, पण मामींनीच वाचवलं, नेमक्या वेळी बोलल्या. तेव्हा सगळे माझ्याकडं कौतुकानं बघतात. लेक कधी हसत नाही. ती त्या वेळी ताटातलं काहीतरी सारखं करत असते. मी नेमक्या वेळी बोलले नव्हते हे त्या घरात दोघींनाच ठाऊक आहे.

मला राग येतो, अजूनही. त्याच्या लाजेचा येतो, तिच्या वचनाचा येतो, त्या हरवलेल्या किल्लीचा येतो. एखाद्यानं जरी तोंड उघडलं असतं तरी काही झालं नसतं. पण फिरून फिरून राग माझ्यावरच येऊन बसतो. बाकीच्यांना अर्धंच माहीत होतं. पूर्ण माहीत होतं ते मला, आणि मी डबा धरून उभी होते.

त्या दिवसापासून लेक माहेरी आली की एक गोष्ट करते. मी वाढायला घेतलं की ती सहज उठल्यासारखी उठते, पातेल्यातलं चमचाभर तळहातावर घेते आणि चाखते. भाजी असो, वरण असो, चहा असो. मग नवऱ्याच्या ताटाकडं बघून मान हलवते आणि तो जेवायला लागतो. मी दर वेळी पाहते आणि न पाहिल्यासारखं करते.

यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला, ज्येष्ठातला. परवा दुपारी तिचा फोन आला. ते यायचं म्हणतेत, म्हणाली. मी म्हणाले, या की. पंख्याचा आवाज ऐकू येत होता, तिच्याकडचा की माझ्याकडचा कोण जाणे. मला वाटलं, आता बोलले नाही तर मी या घरात कायम तो डबा धरूनच उभी राहीन.

म्हणाले, "त्या दिवशी मला सगळं कळलं होतं. जावेसमोर लाज वाटली म्हणून बोलले न्हाई."

ती रडेल, चिडेल, फोन ठेवेल, सगळ्याची मी तयारी केली होती.

"मला माहितीये," ती म्हणाली. आवाज अगदी नेहमीचा. "तू थांब म्हणालीस तेव्हा मी तुझ्या तोंडाकडंच बघत होते. म्हणून या वेळी ताट मी वाढीन. डबे मी उघडीन. तू पाटाजवळ नुसती बस."

मी बरं म्हणाले. मग तिनं गूळ किती लागेल ते विचारलं, आणि मी सांगितलं.